तिसऱ्या मजल्याचं दार

बायको गेली तेव्हा मिस्त्री एका दहा मजली इमारतीत लिफ्टच्या डोक्यावर बसला होता. लिफ्टच्या कामाला वर चढताना फोन खाली हत्यारांच्या पेटीत ठेवायचा, हा त्याने अठ्ठावीस वर्षं पाळलेला नियम. वर असताना फोन वाजला की हात दचकतो, आणि हात दचकला की माणूस जातो. ब्रेक बसवून, लिफ्ट तीनदा वरखाली नेऊन बघून तो खाली उतरला, तेव्हा फोनवर अकरा मिस्ड कॉल होते. सगळे मेहुणीचे.

त्याने फोन लावला. मेहुणी म्हणाली, "भावोजी, ताई गेली." थोड्या वेळाने म्हणाली, "वीस मिनिटं झाली."

मिस्त्रीने दारावरची 'काम चालू आहे' ही पाटी काढली, हत्यारं एकेक करून पेटीत घातली आणि वॉचमनला सांगितलं, "लिफ्ट चालू केलीय." मग तो दवाखान्यात गेला. पुढे वॉचमन कुणाला तरी म्हणाला म्हणे, "बायको गेल्याचा फोन आला तरी पाटी काढत बसला. माणूस आहे की दगड!" ते फिरून मिस्त्रीच्या कानावर आलं. त्याने मनाला लावून घेतलं नाही. पाटी तशीच राहिली असती तर दहाव्या मजल्यापर्यंत लोकांना जिने चढावे लागले असते. त्यात तिचं काय भलं होणार होतं?

तिची आणि त्याची पहिली भेटसुद्धा लिफ्टमुळेच झाली होती. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका कचेरीत ती मुद्रितं तपासायची. एकदा दोन मजल्यांच्या मधे पाऊण तास अडकली. अडकलेली माणसं बाहेर आली की एक तर रडतात, नाही तर मिस्त्रीवरच डाफरतात. ही बाहेर आली, साडी झटकली आणि म्हणाली, "बिघाड कुठे आहे हे तुम्हाला बाहेरून कसं कळलं?" त्याने सांगितलं. तिने आणखी विचारलं. त्याने आणखी सांगितलं. असं करता करता लग्न झालं.

लग्नानंतर काही वर्षांनी ती कचेरीतून आल्यावर जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून व्हिडिओ गेम बनवायला लागली. कुणी शिकवलं नाही, आपली आपण शिकली. चित्रं ती काढायची, गोष्ट ती लिहायची, त्यातल्या माणसांचं बोलणं तीच लिहायची. पहिला खेळ किल्ल्या बनवणाऱ्या एका म्हाताऱ्याचा होता. तो सगळ्या जगात मिळून एकेचाळीस माणसांनी खेळला, आणि त्यातला एक मिस्त्री होता, एक मेहुणी. दुसरा खेळ पोस्टातल्या बाईचा. पत्ता चुकलेली पत्रं तिला ज्याची त्याला पोचवायची असतात. तो कसा कोण जाणे, हजारोंनी खेळला. कुठल्या कुठल्या देशांतून तिला पत्रं यायला लागली. मग तिने नोकरी सोडली.

नातेवाईक म्हणाले, "चांगली नोकरी सोडून बाई खेळत बसते."

ती म्हणायची, "मी कुठे खेळते, मावशी? मी दुसऱ्यांना खेळवते. तुम्ही नाही का, सुनांना खेळवत!"

तिसरा खेळ साफ आपटला. त्याच सुमाराला एक मोठी कंपनी तिच्या दारात आली. पोस्टातल्या बाईचा खेळ आम्ही घेतो, म्हणाले, फक्त खेळणाऱ्याला पुढे कुठे जायचं ते दाखवणारे बाण घालू, म्हणजे कुणी कंटाळणार नाही. ती नाही म्हणाली. घरी आल्यावर तिने एका कागदावर जाड अक्षरात लिहिलं, 'बाण नाही', आणि तो टेबलासमोर भिंतीवर चिकटवला. कागद पिवळा पडला तरी काढला नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. कुठे जायचं हे समोरच्या माणसाच्या बोलण्यातून कळलं पाहिजे. नीट ऐकणाऱ्याला वाट सापडते, आणि न ऐकणाऱ्याला बाण दाखवूनही काही दिसत नाही. चौथा खेळ तिने तसाच केला आणि तो चालला.

खेळ कच्चा तयार झाला की आधी मिस्त्रीला खुर्चीत बसवायची. का, तर त्याला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दुसऱ्या खेळात तो चाळीस मिनिटं एकाच खोलीत उभा राहिला होता, कारण डावीकडेही जाता येतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. ती मागे स्टुलावर वही घेऊन बसायची. खेळणाऱ्याशी बोलायचं नाही हा तिचा नियम. तोंड आवरावं म्हणून दातांत पेन्सिल धरायची. मिस्त्री अडकला की पेन्सिल काढून वहीत लिहायची आणि परत दातांत धरायची. त्या खोलीच्या डावीकडे मग तिने एक भुंकणारं कुत्रं घातलं. "मिस्त्री अडकला नाही, तर जग अडकत नाही," असं ती सगळ्यांना सांगायची. पंधरा वर्षांत हे एकदाही खोटं ठरलं नव्हतं.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी चष्मा घरी आली. चष्मा म्हणजे तिची जोडीदारीण, खेळाच्या आतलं यंत्र सांभाळणारी मुलगी. तिशीतली, जाड भिंगांची, बोलायला फटकळ. हे नाव बायकोनेच ठेवलं होतं आणि चष्म्याने ते आनंदाने लावून घेतलं होतं.

चष्मा टेबलापाशी आली, पण टेबलासमोरच्या खुर्चीवर बसली नाही. स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "दादा, एक अडचण आहे. मॅडमच्या शेवटच्या खेळाची."

शेवटच्या खेळाचं नाव 'आठ मजले'. त्यातला नायक लिफ्टचा मिस्त्री. एका जुन्या इमारतीची लिफ्ट बंद पडलेली असते. दर मजल्यावर एक बिघाड आणि एक राहणारं माणूस. त्या माणसाशी बोलायचं, बिघाड शोधायचा, की लिफ्ट एक मजला वर सरकते. आठव्या मजल्यावर एक बाई राहते. लिफ्ट बंद पडल्यापासून ती खाली उतरलेली नाही.

"काय झालं त्याला?" मिस्त्रीने विचारलं.

"वीस जणांना खेळायला दिला. नेहमी खेळणारी, मुरलेली माणसं. पहिला मजला झाला, दुसरा झाला, तिसऱ्यावर सगळे ठप्प. वीसच्या वीस. एकाने तर मला शिव्या घातल्या. म्हणाला, या दाराला काही उत्तरच नाहीये."



"मला कळत नाही," चष्मा म्हणाली. "मॅडमच्या वहीत तुमच्या नावापुढे लिहिलंय, 'तिसरा मजला, अर्धं मिनिट, कुठेही अडकला नाही.' खाली दोन रेघा मारल्यात. तुम्ही अर्ध्या मिनिटात कसं काय सोडवलंत?"

मिस्त्री उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला.

तो दिवस त्याला नीट आठवत होता. तिचं दुखणं तेव्हा तिसऱ्या महिन्यात होतं. दवाखान्यातून दोन दिवसांसाठी घरी आली होती. पाठीला दोन उशा लावून स्टुलाऐवजी कोचावर बसली होती, पण दातांत पेन्सिल होती. खेळात तिसऱ्या मजल्याचं दार मिटत नव्हतं. मिटायला यायचं आणि परत उघडायचं. मिस्त्रीने काही विचार केला नाही. दार मिटत नसेल तर लिफ्टचा मिस्त्री आधी खाली बघतो. दार ज्या खाचेत सरकतं तिथे खडा, बटण, पिन, काहीतरी अडकलेलं असतं. दहातले आठ बिघाड तिथेच. त्याने खेळात खाली बघितलं, खाचेतला मणी काढला, दार मिटलं. ती हसली. पेन्सिल खाली पडली. "अरे, अडकलाच नाहीस की तू! इतक्या वर्षांत पहिल्यांदा!" असं म्हणून तिने टाळ्या वाजवल्या. हातात सुई टोचलेली होती, तरी वाजवल्या.

आणि त्याच क्षणी त्याला कळलं होतं की हे चुकलंय. खाली फक्त मिस्त्रीच बघतो. बाकीचं जग दाराकडे बघतं, बटणं दाबतं, वायरींची पेटी उघडतं. तिने आयुष्यभर त्याला अडाणी म्हणून खुर्चीत बसवलं, आणि या वेळी बरोबर त्याच्याच धंद्याचा पेपर काढला. तिच्या हे लक्षात आलं नाही. एरवी आलं असतं. त्याच्या लक्षात आलं आणि तो मूग गिळून बसला. कारण ती हसत होती.

हे सगळं त्याने चष्म्याला सांगितलं. न अडखळता सांगितलं, जसा साहेबाला बिघाडाचा अहवाल देतो तसा.

चष्मा भिंगं पुसत म्हणाली, "मग आता सोपं आहे. तिसरा मजला काढून टाकते. सात मजल्यांचा खेळ."

"आठव्या मजल्याच्या बाईला सातव्यावर आणणार?"

"मग बाण घालते. दाराच्या खाली, लुकलुकणारा."

मिस्त्रीने भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं.

"दादा, तो कागद मलाही पाठ आहे," चष्मा चिडून म्हणाली. "पण त्या मजल्यावरच्या मास्तरांचं बोलणं बदलायला हवंय आणि ते लिहिणारं माणूस गेलंय. मी यंत्राला बोलायला लावते, माणसांना नाही. एक लेखक आणू का? ओळखीचा आहे. हुशार आहे."

"त्याने कधी लिफ्ट दुरुस्त केलीय?"

"दादा, तुम्ही कधी गोष्ट लिहिलीय?"

"नाही," मिस्त्री म्हणाला. "पण बिघाड माझ्यामुळे राहिलाय. पाटी मीच लावणार, काम मीच करणार."

चष्म्याने हात टेकले. म्हणाली, "एक महिना. त्यानंतर लेखक."

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतो. तिने त्याच्या तोंडी एकच वाक्य लिहिलं होतं: 'हे दार आता माझ्यासारखं झालंय, कुठलीच गोष्ट शेवटपर्यंत नेत नाही.' वाक्य छान होतं. पण त्यात मणी नव्हता. मिस्त्री सुट्टी घेणारा माणूस नव्हता. कामावरून आला की हातपाय धुऊन टेबलापाशी बसायचा. पहिल्या दिवशी त्याने लिहिलं: 'दाराच्या खाली खाचेत बघा, तिथे मणी अडकला असेल.' चष्म्याला फोनवर वाचून दाखवलं.

"हा बाणच झाला की! फक्त अक्षरांचा."

दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं: 'खाली बघून चालावं, असं माझे वडील सांगायचे.'

"हे आता कॅलेंडरवरचं सुभाषित झालं," चष्मा म्हणाली.

आठवडा असा गेला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मिस्त्रीला वाटायला लागलं. लिहिलेलं खोडायचा आणि खोडलेलं परत लिहायचा. पण उठला नाही. अडकलेली लिफ्ट आहे तिथे सोडून मिस्त्री घरी जात नसतो.

वाट सापडली ती कामावरच. एका इमारतीत एक बाई दाराची तक्रार सांगत होत्या. "दार येतं हो, पण काहीतरी विसरल्यासारखं परत जातं. मी म्हटलं, आमच्या ह्यांच्यासारखंच आहे. परवा किराणा घेऊन आले, पिशवी फाटली, सगळे चणे इथे सांडले, मी एकटी वेचत बसले आणि हे आतून विचारतायत, दूध तापवलं का! तर ते जाऊ दे, दाराचं सांगत होते..."

मिस्त्री खाली वाकला आणि खाचेतून चणा काढला. बाई म्हणाल्या, "अगंबाई, तुम्हाला कसं कळलं?"

तो चणा हातात धरून तिथेच उभा राहिला. हेच त्याला पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं. कसं कळतं ते त्याने तिला तेव्हाच सांगितलं होतं: लोक तक्रार सांगतात ती ऐकायचीच, पण बिघाड असतो तक्रारीच्या शेजारी. 'ते जाऊ दे' म्हणायच्या आधी माणूस जे बोलतो, त्यात. तिचे सगळे खेळ या एका गोष्टीवर उभे होते, हे त्याला आत्ता कळलं. पोस्टातली बाईसुद्धा पत्ता असाच शोधायची.

त्या संध्याकाळी त्याने मास्तरला बोलू दिलं. तिचं वाक्य पहिलं ठेवलं, त्याला हात लावला नाही. पुढे लिहिलं:

'परवा नात आली होती. जाताना लिफ्टच्या दारातच तिची मण्यांची माळ तुटली. काय रडली! आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून मणी वेचत होतो. सगळे मिळाले, एक निळा सोडून. तिला म्हटलं, पुढच्या वेळी येशील तोवर शोधून ठेवतो. ते जाऊ दे. तुम्ही दाराचं विचारत होतात.'

त्याने ते चष्म्याला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत घालते. कुणाला बसवायचं खेळायला? मिस्त्री नसलेलं माणूस पाहिजे. खेळातलं काही कळत नसलेलं."

"आहे एक," मिस्त्री म्हणाला.

मेहुणी रविवारी आली. बँकेत काम करणारी, कामाला चोख, पण धीर म्हणाल तर चिमूटभर. ताईचे सगळे खेळ तिने सुरू केले होते आणि एकही पुरा केला नव्हता. खुर्चीत बसायला ती आधी तयार होईना. "ती ताईची खुर्ची आहे, भावोजी."

"ही नाही. ताई स्टुलावर बसायची. ही अडकणाऱ्याची खुर्ची. इतकी वर्षं मी बसलोय."

मेहुणी बसली. मिस्त्री मागे स्टुलावर बसला, मांडीवर बायकोची वही. तिची पेन्सिल मगात होती, दातांच्या खुणा असलेली. ती त्याने घेतली नाही. आपली कामावरची, कानामागे असते ती घेतली आणि दातांत धरली.

पहिला मजला झाला. दुसऱ्यावर मेहुणी जरा घुटमळली आणि पुढे गेली. तिसऱ्या मजल्यावर मास्तर बोलला. मेहुणीने भराभर पुढे ढकललं.

"दार मिटत नाहीये, भावोजी. काय करू?"

मिस्त्री गप्प.

"बटण दाबू? दाबलं. पुन्हा दाबलं. ही वायरींची पेटी उघडू का? भावोजी, बोला की! पेन्सिल चघळताय काय नुसते?"

मिस्त्रीने वहीत लिहिलं: 'वायरींची पेटी. चार वेळा.' पुन्हा पेन्सिल दातांत. जीभ वळवळत होती. खाली बघ, एवढे दोनच शब्द. पंधरा वर्षं ती हे कसं गिळत आली असेल, असं त्याला वाटलं. त्याने स्टूल घट्ट धरलं.

"ताईपण अशीच छळायची," मेहुणी म्हणाली. "मागे बसून खर्र खर्र लिहीत राहायची. मी म्हणायचे, अगं, काय गुन्हा दाखल करतेयस का माझ्यावर? ... बरं, या म्हाताऱ्यालाच पुन्हा विचारते. काय म्हणत होता हा?"

या वेळी तिने वाचलं. मोठ्याने, एकेक शब्द. 'एक निळा सोडून' इथे आली आणि थांबली.

"अय्या," ती म्हणाली. "मणी!"

तिने खाली बघितलं. खाचेत निळा ठिपका होता. तिने तो उचलला. दार मिटलं. लिफ्ट एक मजला वर सरकली आणि मेहुणी खुर्चीतून उठून ओरडली, "बघा! मी काढला! मला कुणी सांगितलं नाही, मी काढला!"

मिस्त्रीने पेन्सिल काढली. वहीत लिहिलं: 'तिसरा मजला. अकरा मिनिटं. अडकली. सुटली.' खाली एकच रेघ मारली.

मेहुणीने वळून त्याच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरले. "भावोजी, मी पुढे खेळू?"

"खेळ. मी इथेच आहे."

ती सातव्या मजल्यापर्यंत गेली. तीन ठिकाणी अडकली, तिन्ही ठिकाणं मिस्त्रीने लिहून घेतली. त्यातली दोन पुन्हा त्याच्याच धंद्यातली निघाली. वीस जण तिथवर पोचलेच नव्हते, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. म्हणजे काम वाढलं. मिस्त्रीला वाईट वाटलं नाही. बिघाड सापडला की अर्धं काम झालेलं असतं.

आठव्या मजल्यावर दार उघडलं आणि ती बाई समोर उभी होती. हातात पिशवी, पायांत चपला, बाहेर जायला तयार. मेहुणीने तिच्याशी बोलायचं बटण दाबलं. बाईने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही.

"हिचं काय बिघडलंय?" मेहुणीने विचारलं.

मिस्त्रीने चष्म्याला फोन केला. चष्मा म्हणाली, "तिथे मॅडमनी लिहिलेलंच नाही. त्या जागी एक टीप आहे, मी तुम्हाला सांगितली नव्हती. वाचू?"

"वाच."

"'लिफ्ट चालू झाल्यावर ही काय म्हणते? मिस्त्रीला विचारणे.'"

ते त्याला विचारायचं राहून गेलं होतं. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, याचा त्याने विचार केला. अठ्ठावीस वर्षांत त्याने शेकडो लिफ्ट चालू करून दिल्या. चालू झाल्यावर लोक काही म्हणत नाहीत. आत शिरतात, बटण दाबतात आणि जातात. एकच बाई थांबून बोलली होती, पाऊण तास अडकून बाहेर आलेली ती, आणि तिने जे विचारलं त्याचं उत्तर तिसऱ्या मजल्यावर वापरून झालं होतं.

मेहुणी गेल्यावर त्याने वहीचं नवं पान काढलं. वर तारीख घातली आणि राहिलेली कामं लिहिली. पाचव्या मजल्यावरच्या शिंप्याचं बोलणं बदलायचं आहे. सहाव्या मजल्यावरच्या बहिणींचंही बदलायचं आहे. आठव्या मजल्यावरची बाई काय म्हणते, ते अजून लिहायचं आहे.